सढळ हात

बाईंनी पिशवीतून काचेची मोजनळी काढून काउंटरवर उभी केली, तेव्हा मालकाने बायकोकडे पाहिलं. त्याच या. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, दर रविवारी वर्तमानपत्रात वाइनबारना गुण देणाऱ्या मापवाल्या बाई.

दुपारचे चार वाजले होते. आत दुसरं कुणी नव्हतं. स्टेशनसमोर नवा चकचकीत बार निघाल्यापासून संध्याकाळीही फारसं कुणी नसायचं. गेल्या वर्षी बाईंनी एका बारला दहापैकी तीन दिले होते. आता तिथे चपलांचं दुकान आहे.

"आमच्या गल्लीत कशा काय आलात?" मालकाने विचारलं.

"हे दुकान मीच मागून घेतलं. संपादक म्हणत होते, लहान आहे, सोडा."

त्यांनी यादी वाचली. बत्तीस बाटल्या. तीन व्हाइट मागवल्या, एकेक घोट तोंडात फिरवून वाडग्यात थुंकल्या.

"ही उघडून चार दिवस झालेत."

"तीन," मालक म्हणाला.

"चार," ग्लास धुणारी मालकीण मागून म्हणाली. "खोटं कशाला बोलता त्यांच्याशी?"

"निवड ठीकठाक. पाच," बाईंनी वहीत लिहिलं. मालकाचा चेहरा उतरला. पाचाने काही दुकान तरणार नव्हतं.

"आता मोल. पैशांच्या मानाने काय मिळतं ते," बाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त खपते ती रेड द्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओतता तशी. मी आले म्हणून थेंब जास्त नको."

"तशीच देतो."

"यादीत दीडशे मिलिलिटर लिहिलंय."

"ते छापणाऱ्याने लिहिलं, बाई. माझा हात काय यादी वाचत नाही."

त्याने ओतली. बाईंनी ग्लास मोजनळीत रिकामा केला, वाकून डोळा रेषेला लावला. "दोनशे चाळीस."

"हात आखडता घ्या म्हणून वीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय," मालकीण म्हणाली. "ऐकतंय कोण!"

"आणि दुसरा ग्लास?"

"दुसरा जरा जास्तच. तोवर ओळख झालेली असते ना."

दुसरा दोनशे साठ भरला. बाईंनी चष्मा बदलून बाटलीवरचं लेबल वाचलं.

"पंधरा टक्के अल्कोहोल. बाकीचे बाराची देतात."

त्यांनी पेन्सिलीने आकडेमोड केली. मग ती खोडली आणि पुन्हा वरपासून केली. उत्तर तेच आलं.

"तुमचे दोन ग्लास म्हणजे बाहेरचे चार."

"हेच लिहा, बाई! अगदी असंच लिहा!" मालक खुलला. बाटली घेऊन पुढे झुकला. "मोजून झालं, आता प्या तरी."

बाईंनी ग्लासवर हात पालथा ठेवला. "नको."

मालक हसला. "आमचा दोनवाला अगदी असाच हात ठेवायचा."

"दोनवाला?"

"नाव नाही माहीत. खांद्याला नकाशांची नळकांडी असायची. दर गुरुवारी त्या कोपऱ्यात बसायचा. दोन ग्लास झाले की हात पालथा. गाडी चालवायचीय, म्हणायचा. मी किती गळ घातली असेल, पण छे."

"दोन ग्लासांनंतर दिसायचा कसा?"

"गाल लाल. मी चिडवायचो, काय रे, दोनात चढते तुला? तर म्हणायचा, ऑफिसात थकलो."

"तिसरा कधीच नाही?"

"नाही हो," मालकीण हात पुसत पुढे आली. "फार सरळ पोरगा. उठताना स्वतःचा ग्लास मोरीत आणून ठेवायचा."

"शेवटचा आला, तेव्हाही दोनच?"

"तेव्हाही दोनच. हिवाळ्यापासून दिसला नाही. त्या स्टेशनवाल्यांनी पळवला असणार."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग त्यांनी वही मालकाकडे फिरवली. मोल : दहापैकी दहा.

मालकाने ते दोनदा वाचलं. "दहा तर तुम्ही कधी कुणाला दिले नव्हते. तरलो आम्ही, बाई."

"मापात आहे तेवढंच दिलं." बाईंनी मोजनळी धुऊन मागितली, पुसली, पिशवीत ठेवली. "तो स्टेशनसमोर जात नाही. हिवाळ्यात त्याच्या गाडीखाली एक माणूस गेला. तुमच्या इथे दोनच ग्लास घेतले, असं तो कोर्टात सांगत राहिला. त्याच्याच वकिलाने मला साक्षीला बोलावलं, मला मापातलं कळतं म्हणून. मी सांगितलं, रक्तातला आकडा चार ग्लासांचा आहे. हा खोटं बोलतोय."

मोरीतला नळ चालूच होता. मालकिणीने तो बंद केला.

"तुम्ही परत त्याला विचारलं नाहीत?" तिने विचारलं.

"मी तुरुंगात एकदाही गेले नाही. खोटं मला चालत नाही." त्यांनी वहीच्या मागच्या कप्प्यातून चार घड्यांचा एक कागद काढला आणि काउंटरवर, ओल्या जागेपासून दूर, सपाट केला. "तो तिथेच वारला, तेव्हा उशीखाली हे सापडलं."

कागदावर तुरुंगाचा शिक्का होता आणि त्याखाली एकच ओळ.

आई, खरंच दोनच.