मागची भिंत

रंगाऱ्याने तारेचा ब्रश भिंतीला लावला तेव्हा चौथीचा वर्ग प्रार्थनेला उभा होता. डोळे मिटलेले, आणि मागून खर्र खर्र. एकाचंही लक्ष प्रार्थनेत राहिलं नाही. बाई तर शेवटची ओळ संपायच्या आतच रांग सोडून निघाल्या.

ती भिंत शाळेच्या मागची. तिथे पाण्याचा पाइप गळतो, म्हणून वरपासून खालपर्यंत शेवाळ. बाईंनी त्या भिंतीवर प्रत्येकाला खडूने वीतभर चौकोन आखून दिला होता. हे तुझं. हात लावायचा नाही, रोज बघायचं आणि काय बघितलंस ते मला येऊन सांगायचं. कुणाच्या वाट्याला गोगलगाय आली, कुणाच्या कोळी. एकाला तर नुसती भेग मिळाली. तो पहिल्या दिवशी रडला. मग एका सकाळी त्याच्या भेगेतून मुंग्या तोंडात अंडी धरून बाहेर पडल्या आणि सगळा वर्ग त्याच्या खांद्यावर चढला.

पण सगळ्यात मोठी इस्टेट भोचकची. हे नाव तिच्या आत्याने ठेवलेलं, वैतागून. तिच्या चौकोनात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. माशीने पिल्लाला खायला म्हणून आत अळ्या कोंबल्या, दार लिंपलं आणि निघून गेली, हे भोचकने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता आतलं पिल्लू बाहेर यायचं होतं. दारातून येतं की भिंत फोडून? बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत. तू बघ आणि मला सांग."

शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य निघायला छाती लागते. बहुतेकांकडे नुसती पदवी असते.

"सर, थांबवा हे," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "ती माशी आज-उद्या बाहेर पडेल. तेवढी पडू द्या, मग भिंतीला हवं तर सोनं फासा."

"बाई, दुपारी पाहुणे येतायत. विज्ञान कक्षाचं उद्घाटन आहे. माशीसाठी पाहुण्यांना थांबवू?"

"हो."

सरांनी कपाळाला हात लावला. "पोरांना वळण लावायला ठेवलंय तुम्हाला, तुम्हालाच पोरांचं वळण लागलंय. असली भिंत पाहून लोक काय म्हणतील? शाळा आहे की गोठा?"

विज्ञान कक्ष म्हणजे काचेचं एक कपाट. आत प्लास्टिकचं हृदय, प्लास्टिकचा बेडूक. कपाटाला कुलूप. विज्ञान पळून जायला नको.

मधल्या सुट्टीत पोरं मागे धावली तेव्हा भिंत पांढरीफेक झाली होती. चौकोन गेले, गोगलगाय गेली, भेग बुजली. रंगारी शिडीवरून ओरडला, "सरका रे, अंगावर उडेल!" त्याचा काय दोष? सांगितलं ते त्याने केलं होतं.

भोचक खाली पडलेल्या खरवडीत उकिडवी बसली. शोधता शोधता तिला मातीचं एक ढेकूळ सापडलं, अर्धं फुटलेलं. आत माशी होती. पांढरी, पाय पोटाशी दुमडलेले, डोळे तेवढे काळे झालेले. ब्रशने दबलेली.

पोरांपाठोपाठ आलेल्या बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. खरं तर त्या क्षणी बाईंनाच कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं.

भोचकने बाहीला नाक पुसलं. ढेकूळ डोळ्यांपाशी नेऊन फिरवून पाहिलं.

"बाई, हिचं डोकं लिंपलेल्या दाराकडे आहे. म्हणजे दारातूनच येणार असेल." मग म्हणाली, "पण एकाच माशीवरून नाही सांगता येत."



भोचक उठली आणि भिंतीकडे बघत राहिली. "बाई, आपण आलो तेव्हा हे सगळे आधीच राहायला आलेले होते ना? सुरुवात कुणी पाहिलीच नाही."

"मग?"

"आता रिकामी आहे. पहिलं कोण येतं ते बघू."

"मुंग्या!" भेगवाला ओरडला. "त्यांना रंगाचं काय पडलंय?"

"गप रे. तुझी भेग बुजवलीय. तू आता बेघर आहेस."

"शेवाळच येणार बघ. पाइप कुठे दुरुस्त केलाय सरांनी? नुसता वरून रंग फासलाय."

हे ऐकून रंगारी शिडीवर असा हसला की डबा पडता पडता राहिला.

दुपारी पाहुणे आले. फीत कापली. टाळ्या अंमळ कमी पडल्या, कारण चौथीचा वर्ग जागेवर नव्हता. सर तणतणत शाळेच्या मागे निघाले, आणि काय झालं ते कळेना म्हणून पाहुणेही त्यांच्या पाठोपाठ.

मागे आख्खा वर्ग आणि बाई, सगळ्यांकडे पाठ करून, ओल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे होते. भिंतीवर काहीही नव्हतं.

"बाई!" सर दातओठ खात म्हणाले.

बाई वळल्या नाहीत. पाहुणे मात्र बूट सावरत खरवडीतून पुढे गेले आणि भोचकच्या मागे जाऊन वाकले.

"काय बघताय गं?"

"अजून काही नाही," भोचक म्हणाली, आणि भिंतीवरची नजर न हलवता थोडी सरकून तिने त्यांना उभं राहायला जागा करून दिली.