शेवटचं घर

तिसऱ्या आठवड्यात दामिनीला टेप धरायचाही कंटाळा आला होता. जुन्या किल्लारीच्या ढिगाऱ्यात वेडी बाभूळ माजली होती. एक भिंत मोजायची तर आधी तासभर काटे तोडावे लागत.

ती आणि संगमेश लातूरच्या कॉलेजात वास्तुकला शिकत होते. भूकंपात पडलेल्या एका गल्लीचा नकाशा करून ग्रामसभेपुढं ठेवायचा होता. गल्ली आठवण म्हणून जपायची की सपाट करून गोदाम बांधायचं, ते तिथंच ठरणार होतं.

दगड मोजता येत होते. घरांच्या आत काय होतं, ते सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं.

"कशाला उकरून काढता?" म्हणत लोक दार लावून घेत. शेवटच्या घराचे मालक, साठीचे गुरुपादप्पा, तर तीनदा नुसते उठून गेले.

त्या घराची माहिती दिली शरणम्मांनी. पंच्याहत्तरीच्या, गुडघे धरलेले. तरी रोज येऊन ढिगाऱ्यापाशी बसत.

"हितं चूल. खिडकी न्हाई, धूर लई कोंडायचा. हितं बाज. वरचं मातीचं माळवद गळाया लागलं की त्या कोपऱ्यात सरकवायची."

"आणि देवघर, आजी?"

"चुलीच्या उजव्या अंगाला."

त्यांना आठवावं लागत नसे. संगमेश लिहून घेई.

"एवढं कसं ध्यानात राहिलं, आजी?"

"दुसरं काय हाय माझ्यापाशी?" त्या म्हणाल्या.

ग्रामसभेत लोक पेंगुळले होते. दामिनीनं नकाशा भिंतीवर लावला. गुरुपादप्पा पुढं आले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पाडू नका."

त्यांनी हात वर केला. मग एकेक हात वर गेला. गल्ली राहिली.

सभा उठल्यावर गुरुपादप्पांनी दामिनीला गाठलं. "बाज सरकवायचा कोपरा कुणी सांगितला?"

"शरणम्मा आजींनी. त्या तुमच्याच घरात राहायच्या ना?"

"न्हाई, बाई. ती माझी सासू. तिची लेक भूकंपात गेली तवा आमचं लग्न होऊन चारच महिने झालते. लेकीला लेकरू होईस्तोवर आईनं तिच्या घरी यायचं न्हाई, अशी रीत. पंचमीला माहेरी गेली तवा माझ्या बायकोनंच आईला समदं सांगितलं आसंल."

त्यांनी भिंतीवरच्या नकाशात त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"शरणम्मा आमच्या दारात पहिल्यांदा आली, तवा घर पडून दोन दिवस झालते."