पुंजाजींचा फोन नवा होतो

“दाबू का, बाबा?” समतानं विचारलं.

“थांब जराशी. एकदा दाबलं का मागं फिरता येत नाई ना?”

“नाई.”

“मंग दाब. होऊन जाऊ दे.”

समतानं दाबलं. फोनचा पडदा काळा झाला आणि त्यावर एक बारीक रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ‘नवी सिस्टिम आली आहे, घ्या’ म्हणून हा फोन कित्येक वर्षं विनवत होता आणि पुंजाजी त्याला वाटाण्याच्या अक्षता लावत होते. आता मात्र व्हिडिओ कॉलचं ॲपच रुसून बसलं होतं. एवढ्या जुन्या सिस्टिमवर ते चालायला तयार नव्हतं. नवा फोन घेऊन देते म्हटलं, तर पुंजाजींचं एकच उत्तर. “याच्यावर माया हात बसला.”

खरा प्रश्न फोनचा नव्हताच. आई गेल्यापासून पुंजाजी जानेफळच्या घरात एकटे राहत होते आणि समता नोकरीपायी नाशकात. म्हाताऱ्याला वेळीअवेळी काही झालं तर कळणार कसं, या विचारानं तिच्या जिवाला घोर लागला होता. या खेपेला ती ठरवूनच आली. नव्या सिस्टिमवर बाबांना सगळं एकट्यानं जमलं, तर ते गावातच राहतील. नाही जमलं, तर बोचकं बांधायचं आणि तिच्यासोबत नाशिकला यायचं. पुंजाजींनी तसा शब्द दिला होता.

पण खरं सांगायचं तर, आल्यापासून समता बापाकडे पाहून चकितच होत होती. एकट्या पुरुषाचं घर, पण कुठे पसारा नाही. चहाचा डबा, साखरेचा डबा, काडेपेटी, जे ते आपल्या जागी. सकाळी तिनं उन्हात बसायला खुर्ची दारात ओढली, तर तेवढ्यावरून बोलणी खाल्ली.

“होती तिथंच ठेव ते खुर्ची. एकट्याच्या घराले शिस्त लागते, समता.”

“आणि पेपर काऊन बंद केला?”

“रोज त्याच भानगडी. रेडिओ बरा. आयकता आयकता भाजी चिरता येते.”

रेघ शेवटाला पोचली आणि फोन उजळला. ॲप्स इकडची तिकडे झाली होती. खालची तीन बटणं तर गायबच. तिच्या स्वतःच्या फोनचं असं झालं तेव्हा ती आठवडाभर चाचपडत होती, मग सत्तरी उलटलेल्या बापाचं काय?

“बाबा, सगळं हाललं हो इथं.”

पुंजाजींनी खुर्ची पुढे घेतली. “काय कुठी गेलं ते सांग. वरच्या टोकापासून.”

“हे बघा, तो हिरवा गोल हाये ना...”

“रंग राहू दे. जागा सांग.”

“काऊन? रंगानं लवकर लक्षात राह्यते.”

“एसटीच्या डेपोत जिंदगी गेली मायी. बसखाली निजून नट खोलताना रंग कोण पाहते? बोटालेच समजते सारं.”

समता हसली आणि जागा सांगू लागली. पुंजाजी डोळे मिटून पाठांतराला बसलेल्या पोरासारखे घोकत होते. वरून तिसरी ओळ, डावीकडून पहिलं. त्याच्या खालचं, व्हिडिओचं. खालून वर बोट ओढलं की घरी परत. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. ना चिडले, ना कंटाळले. जेवण बाजूला राहिलं, पण म्हातारा जागचा हलला नाही. बापाची ही चिकाटी पाहून समताला भरून आलं.

दुपारी तिनं परीक्षा घेतली. फोन लावला, लागला. आवाजाचा निरोप पाठवला, पोचला. अडचणीच्या वेळचा नंबर, तोही झटक्यात. टॉर्च तेवढा लावून त्यांनी फोन खिशात टाकला, आणि सदऱ्याचा खिसा कंदिलासारखा उजळला.

“बाबा, टॉर्च चालूच हाये की!”

“राह्यला का?” पुंजाजी मोठ्यांदा हसले. “परीक्षेत एखादा मार्क कटू दे न वं.”

“पास झाले तुमी. राहा इथंच,” समता म्हणाली, आणि त्या कणखर म्हाताऱ्यानं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले.

संध्याकाळी जवळच्या मेहकरहून नाशिकला निघालेल्या बसमध्ये तिनं आधी नवऱ्याला, रवीला फोन केला. “बाबांसाठी खोली रिकामी करू नका. मी उगाच घाबरत होते. माझ्यापेक्षा चांगला फोन चालवतात ते.”

बोलणं संपतं तोच पुंजाजींचा व्हिडिओ कॉल आला. स्वतः लावलेला, कोणाच्या मदतीशिवाय. समताची छाती अभिमानानं फुलली. पडद्यावर अर्धं कपाळ आणि वरचे छताचे पत्रे दिसत होते. कुठल्याही बापाचा व्हिडिओ कॉल असाच असतो.

“लागला ना बरोबर?” पुंजाजींचा आवाज आनंदानं भरला होता.

“एकदम बरोबर, बाबा! दिसून राह्यली ना मी?”

“हाव, साफ दिसून राह्यली. हसून राह्यली तू. चेहरा कसा निवांत झाला आता.”

समता खरंच हसत होती. हसता हसता तिची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या, काट मारलेल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर गेली. रस्त्यात रेंज कमी, म्हणून कॉल उचलतानाच तिनं आपला कॅमेरा बंद केला होता. बाबांच्या पडद्यावर तिचा चेहरा नव्हताच.