तिसरी खुर्ची

"कट! उद्धवकाका, तुम्ही दोघं दर वेळी तिथंच का थांबता?" तरुण दिग्दर्शिका वैतागली.

उद्धवराव ओशाळले. तीन बालमित्रांच्या त्या विनोदी मालिकेनं अकरा वर्षं घरोघरी हसवलं होतं. आता तिच्यावर सिनेमा निघत होता, पण तिसऱ्या मित्राचं काम करणारा सदानंद गेल्या वर्षी वारला. त्याची वाक्यं काढून टाकली होती. तरी उद्धवराव आणि मोरेश्वरनं चहाचे कप उचलले, की दोघांच्या माना आपोआप रिकाम्या तिसऱ्या खुर्चीकडे वळायच्या. अकरा वर्षं तिथून सदानंद विचारायचा, "आणि माझा चहा?"

"त्याच्यासाठी थांबायची सवय झालीय गं," उद्धवराव पुटपुटले.

"असू दे. एडिटला कापते."

पहिल्या खेळाला थिएटर खच्चून भरलं. पडद्यावर कप उचलले गेले. थांबणं कापलेलं होतं. मोरेश्वरचं वाक्य लगेच आलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. अख्खं थिएटर त्याआधीच खदखदून हसत सुटलं होतं.

अंधारात मोरेश्वरनं उद्धवरावांचं मनगट घट्ट धरलं.

"उद्ध्या, चहा मागितला ना रे त्यानं?"