देवरूखच्या मैदानावरून

“दोन्ही संघ बरोबरीत. रत्नागिरीची शेवटची चढाई. ऋजुता निघालीय...”

देवरूखच्या मैदानावरून समालोचक चिंतामणींचा आवाज आला आणि इकडे रत्नागिरीच्या स्टुडिओत दर्शना खुर्चीच्या कडेवर सरकली. रेडिओत ती नवीनच लागली होती. निवेदन शिकायला सुनेत्राताईंच्या शेजारी बसायची. दुपारी नाट्यगीतं झाली, मग आंब्यावरच्या तुडतुड्यांवर भाषण. तेव्हा तिला जांभया येत होत्या. पण मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना सुरू झाला नि चिंतामणींनी तिला उचलून थेट मैदानातच नेऊन बसवलं. कोण पकडायला टपलंय, कुणाचा दम तुटत आलाय, सगळं दिसत होतं. या माणसाला तिने अजून पाहिलंही नव्हतं. तरी बोलावं तर असं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“ऋजुता डावीकडे वळली. खेडच्या मुलींनी साखळी धरलीय. हात लागला! गुण... नाही, थांबा.”

धपकन काहीतरी पडलं. शिट्टी वाजली. मैदानात एकच गलका उसळला. त्यातून पुन्हा चिंतामणींचा तोच स्वच्छ आवाज. “ऋजुता डोक्यावर आपटलीय. हालत नाही. डॉक्टर धावतायत. पंचांनी तिला बाद दिलंय, म्हणून लोक चिडलेत. पण मी रेषेला लागूनच बसलोय. हात लागण्याआधी तिचा पाय बाहेर गेला होता. पंचांचा निर्णय बरोबर आहे. खेड विजयी!”

स्टुडिओतला फोन खणखणायला लागला. रत्नागिरीकर भडकले होते. दर्शनाचंही डोकं तापलं.

“पोर तिथे निपचित पडलीय नि ह्यांना रेषा सुचत्येय! आपल्या गावच्या मुलीबद्दल एवढीसुद्धा माया नसावी?”

“ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही गं,” सुनेत्राताई म्हणाल्या. “आपण सांगू तेच त्याला खरं.”

त्यांनी माइक सुरू केला. न अडखळता निकाल सांगितला, खेडच्या मुलींचं अभिनंदन केलं आणि एक भावगीत लावलं. तांबडा दिवा विझला. तशी त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, पण दोनदा भलताच नंबर लागला. त्यांनी तो दर्शनाच्या हातात दिला.

“ह्यांना लाव गं. चिंतामणी नावाने आहे.”

दर्शना त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने फोन लावून स्पीकरवर धरला.

“अहो, आपली ऋजू कशी आहे?” सुनेत्राताईंनी विचारलं.

पलीकडून तोच आवाज आला. आता मात्र पार चिरकलेला.

“शुद्धीवर आलीय. खोक पडलीय, पण डॉक्टर म्हणतायत घाबरायचं कारण नाही. सुनेत्रा, डोळे उघडल्या उघडल्या पहिलं काय विचारलंन ठाऊक आहे? ‘बाबा, पाय बाहेर होता, ते सांगितलंत ना?’”