कारणाचा रकाना

कौटुंबिक मेळाव्याची पुस्तिका छापखान्यात जाणार, तेवढ्यात जनेलने ओटिसकाकांच्या हातातून ती हिसकावली. दरवर्षी अख्ख्या कुटुंबासमोर काका त्यातून गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचायचे. यंदा १८६०च्या अमेरिकेच्या जनगणनेतल्या मृतांच्या यादीत गुलाम खापरपणजी फिबीचं तान्हं बाळ सापडलं. मरणाचं कारण: ‘आईने झोपेत चिरडलं’. “सरकारी कागद आहे गं, आहे तस्सं छापायचं.” “अहो काका, फिबीला विचारलं कुणी? मोजणीवाल्याला सगळं मालकाने सांगितलं!” जनेल कडाडली. “हे बघा, त्याच मळ्यावरची चार बाळं, चारही कापूसवेचणीच्या महिन्यांत गेली, कारण तेच. चारही आयांना एकदमच गाढ झोप लागली? दिवसभर पाजायलासुद्धा सोडलं नसणार त्यांना!” काकांनी चष्मा काढला. “दोनशे माणसांसमोर वाचायचंय मला, पोरी.” “मग नीट वाचा!” तिने कारणाच्या त्या तीन शब्दांवर काट मारली आणि कागद फाटेल इतक्या जोरात मालकाचं नाव लिहिलं: जोसाया व्हिटलॉक.