पाचवा सामना

"तक्रार मागे घे," देवव्रत म्हणाला.

"का? पदक टोचायला लागलं?"

श्रेयसने मान वर केली नाही. कतारमधल्या लुसैलच्या स्टेडियमशेजारच्या त्या साइट ऑफिसात दोघांची टेबलं समोरासमोर होती. श्रेयस गायधनी नाशिकचा, देवव्रत साळवी चिपळूणचा. तीन वर्षं दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीत एका खोलीत राहिले, एका कुकरचा भात खाल्ला. आता दोन हातांवर बसूनही एकमेकांना ईमेल करायचे, तेही साहेबांना कॉपीत ठेवून.

भांडणाचं मूळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल. कंपनीतल्या ऑस्ट्रेलियन लोकांनी दोघांनाही त्याचं वेड लावलं होतं. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, आणि अंगावर येणाऱ्याला आडवं करायची मुभा. २०१७ साली लुसैल क्लबने दोह्यातल्या लीगचा चषक जिंकला. श्रेयस सगळा मोसम खेळला होता आणि अंतिम सामन्याच्या आठ दिवस आधी त्याचा गुडघा गेला. पदक मिळतं ते फक्त अंतिम सामन्यात उतरलेल्या बावीस जणांना. मोसमभर राबलेल्याला काही नाही. त्याच्या जागी देवव्रत उतरला आणि गळ्यात पदक घालून खोलीवर आला.

पुढच्या मोसमात तो मदिनत खलीफा क्लबात गेला. गेल्या आठवड्यात त्या क्लबने अंतिम सामन्यात लुसैललाच हरवलं, तेही श्रेयस मैदानात असताना. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून चषक जिंकणाऱ्या खेळाडूंची नावं ऑस्ट्रेलियात आदराने घेतात म्हणे. दोह्यातल्या लीगमध्ये देवव्रत असा पहिलाच. मराठी मंडळींनी त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि श्रेयसला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या. आयत्या बिळावर नागोबा, तो बायकोला म्हणाला, आणि त्या रात्री जेवला नाही.

मग त्याला नियम आठवला. अंतिम सामन्यासाठी मोसमात किमान पाच सामने खेळलेले असावे लागतात, नाहीतर त्या संघाचा चषक जातो. देवव्रतचे बरोबर पाच होते. गुडघ्यामुळे श्रेयसचेही जेमतेम पाचच. दोघांचाही पाचवा सामना शनिवारी, १ डिसेंबरला दुपारी, एकाच मैदानावर पाठोपाठ झाला होता.

साइटला शनिवारची सुट्टी नसायची. खेळणारे आपलं हजेरीचं कार्ड ऑफिसबॉय धवलकडे देऊन जात आणि तो बिचारा दारावरच्या मशीनला एकेक कार्ड लावत बसे. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. श्रेयस मात्र रीतसर रजा टाकायचा आणि ते चारचौघांत सांगायचाही. त्याचं कार्ड टेबलाशेजारच्या खुंटीला, देवव्रतचाही हात पोचेल असं लटकलेलं असे.

त्याने देवव्रतचा कर्मचारी क्रमांक टाकून त्या दिवसाची हजेरीची नोंद काढली. एकच ओळ आली, दुपारी आत आल्याची. तिचा फोटो त्याने लीगच्या कमिटीला पाठवला. कमिटीचा अध्यक्ष बर्क साहेब, आणि या प्रोजेक्टचा डायरेक्टरही तोच. देवव्रतने सामना खेळलो म्हटलं तर खोटी हजेरी कबूल, म्हणजे नोकरी गेली, व्हिसा गेला. ऑफिसात होतो म्हटलं तर पाचवा सामना बाद. मग चषक लुसैलला आणि श्रेयसच्या गळ्यात आयुष्यातलं पहिलं पदक. इकडे आड, तिकडे विहीर. त्या दिवशी देवव्रतला खेळताना श्रेयसने सीमारेषेवर उभं राहून स्वतः पाहिलं होतं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"निदान त्या एका ओळीवर थांब," देवव्रत म्हणाला. "पूर्ण पान मागू नकोस."

"घाबरलास?"

"माझ्यासाठी नाही सांगत. श्रेयस, डिसेंबरात बाबांशी बोलणं झालं होतं ना तुझं?"

"त्यांचं नाव तुझ्या तोंडून नको."

"अरे, ऐकून तरी घे."

"खलास. उद्या साहेबांसमोर बोल."

डिसेंबरच्या शेवटी वडिलांना झटका आल्याचा फोन आला, तेव्हा श्रेयसच्या हिशेबाने सहा दिवस रजा उरली होती. सिस्टीमने सात दाखवली. कोणाची तरी चूक, पण तो कशाला विचारतोय? त्या जादा दिवसाच्या जोरावर त्याने एक दिवस आधीचं विमान पकडलं. वडिलांनी त्याला ओळखलं, "जेवलास का?" म्हणून विचारलं आणि पहाटे गेले. ते आठवून त्याला देवव्रतचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये बर्क साहेबाने फोटो टेबलावर सरकवला.

"एकच ओळ आहे. पूर्ण पान कुठे?"

देवव्रत काही बोलायच्या आत श्रेयस म्हणाला, "मागवा ना, सर. मलाही तेच हवंय."

एचआरची नफिसा प्रिंट घेऊन आली.

"त्या दिवशी देवव्रतने रजा टाकली होती?" साहेबाने विचारलं.

"नाही, सर. आणि टाकली असती तरी मशीनला कार्ड लागलं की सिस्टीम रजा परत जमा करते."

साहेबाने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवलं. "एक अठ्ठावन्न. देवव्रत साळवी, आत."

श्रेयस खुर्चीत मागे रेलला. त्याने देवव्रतकडे पाहिलं. देवव्रत खाली मान घालून बसला होता.

साहेबाचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. त्याने श्रेयसकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"एक अठ्ठावन्न," तो म्हणाला. "श्रेयस गायधनी, आत."